योग्य कागद सोबत आणावा

कर भरायची इच्छा झाली, की माणसाने आधी थोडा वेळ आडवं पडावं. बऱ्याचदा जाते. मी आडवी पडले नाही, तडक जीएसटीच्या नोंदणीचा अर्ज भरायला बसले, आणि गेल्या दीड महिन्यात तीनदा मदत केंद्राच्या पायऱ्या चढून आले. तुमच्यापैकी कुणाला घरबसल्या चार पैसे मिळवून त्यातले सरकारलाही द्यायची हौस असेल, तर माझा सल्ला घेऊन ठेवा. फुकट आहे. केंद्रातही सगळं फुकटच मिळतं म्हणा.

मी गिरगावातल्या चाळीत, दीड खोलीत, गोडा मसाला आणि मेतकूट करते. आता सूचना.

सर्वांत आधी, महाराष्ट्राबाहेर नातेवाईक ठेवू नका. मुंबईत बसून पुण्याला, नागपूरला, वर्षाला ४० लाखांपर्यंत माल विकलात तरी जीएसटीची नोंदणी लागत नाही. ४० लाखांचं मेतकूट कोण खाणार? मी निवांत होते. पण मावसबहीण दिली बेळगावला. तिच्या भिशीतल्या बायकांनी वीस पाकिटं मागवली आणि माझी झोप उडाली. माल राज्याबाहेर गेला, की ते ४० लाख विसरायचे. पहिल्या पाकिटापासून नोंदणी हवी. बेळगाव महाराष्ट्राचंच, ही घोषणा आम्ही फ्रॉकमध्ये होतो तेव्हापासून ऐकतोय, दिलीही आहे. जीएसटीच्या पोर्टलला ती ऐकू गेलेली नाही. आपला नंबर २७ ने सुरू होतो, तिकडचा २९ ने. संपला सीमाप्रश्न.

पाटी वाचून आत शिरू नका. ‘जीएसटी सुविधा केंद्र’ असं ज्या दुकानावर लिहिलेलं असतं तिथे झेरॉक्स, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट आणि मोबाईलचं कव्हरही मिळतं. ते सरकारी केंद्र नव्हे. सरकारी केंद्र ओळखायची खूण म्हणजे तिथे झेरॉक्स मिळत नाही.

पेन न्या. काउंटरला दोरी बांधलेली आहे, पेन नाही.

महिन्याच्या २० तारखेला जाऊ नका. महिन्याचं विवरणपत्र भरायची ती शेवटची तारीख; ज्यांनी भरलंय ते आत्ता मान हलवत असतील.

पावणेएकला तर मुळीच जाऊ नका.

हात घरी ठेवून जाता आले तर उत्तम. अर्ज भरला, की ई-मेल येतो. कुणाला नुसत्या ओटीपीवर सोडतात, कुणाला केंद्रात बोलावतात: अस्सल आधार, पॅन आणि अर्जाला जोडलेले सगळे मूळ कागद घेऊन या, बोटांचे ठसे द्या. खोट्या नावांनी नोंदण्या करून कोट्यवधींची बोगस बिलं फाडणारे लोक आहेत, त्यांना अडवायला ही व्यवस्था. मला पटतं ते. त्या भामट्यांची बोटं मऊ असणार, पहिल्या फटक्यात उमटत असतील. मी पंचवीस वर्षं धणे, दगडफूल, सुक्या मिरच्या भाजते, खलबत्ता हातात धरते. उजव्या हाताची तर्जनी ठेवली, यंत्र लाल झालं. अंगठा ठेवला, लाल. डाव्या हाताची पाचही झाली. समोरच्या मुलीने माझा हात उलटा केला, नखांतली हळद पाहिली आणि म्हणाली, “काकू, रेषाच नाहीत तुम्हाला. हात धुऊन या.” नळाला पाणी नव्हतं, ते सोडा. मी खालच्या रसवंतीवाल्याकडे हात धुऊन आले, सातव्या की आठव्या खेपेला मधलं बोट उमटलं. मी हात धुऊन आले त्या दिवसापासून हे लोक हात धुऊन माझ्या मागे लागले आहेत.

पण यंत्राचा दोष नाही. त्याने निदान लाल दिवा दाखवून उत्तर तरी दिलं.

आता कागदांचं. इथे जरा टेकून बसा.

धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. आमची खोली पागडीची. ती घेतली आजेसासऱ्यांनी. ते गेले १९७१ साली. विजेचं बिल अजून त्यांच्याच नावाने येतं, आणि माणूस व्यवहाराला इतका चोख, की वरून आजतागायत एक बिल थकवलेलं नाही. भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, तेही गेले. चाळमालक म्हणजे मूळ मालकाचे सात वारस. तिघे परदेशात, उरलेले चौघे एकमेकांविरुद्ध कोर्टात. गिरगाव, लालबाग, परळमध्ये घरोघरी हेच आहे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. मी काही लपवलं नाही. बिल जोडलं, पावती जोडली, दोन्ही मृत्यूचे दाखले जोडले, आणि वर आमच्या ह्यांचं संमतिपत्र, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. (शंभराचा बंद झाला हे मला स्टॅम्पवाल्याच्या खिडकीत कळलं.)

पंचवीस दिवसांनी पोर्टलवर शेरा आला. अख्खा देते, कारण एवढाच आहे: व्यवसायाच्या जागेबाबत योग्य कागदपत्र जोडावे. उत्तराला मुदत कामाचे सात दिवस.

योग्य म्हणजे कुठलं? हे विचारायला सरकारने केंद्र काढलं आहे, असा माझा समज. केंद्राच्या दारावरही तसंच लिहिलं होतं: करदात्यांना मार्गदर्शन. म्हणून गेले. केंद्राचं नाव सांगत नाही, माझ्या नावावर एक शेरा आहे तेवढा पुरे. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक पंखा. पंखा कॉम्प्युटरकडे वळवलेला. टेबलामागे माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा.

“काकू, शेरा वाचलात?”

“वाचला.”

“काय लिहिलंय?”

“योग्य कागद जोडा.”

“मग जोडा ना.”

“कुठला?”

“योग्य.”

मी नीट पाहिलं त्याच्याकडे. चेष्टा करत नव्हता तो. मी विचारलं, अरे बाळा, हे बिल अयोग्य आहे का? म्हणाला, ते मी कसं सांगू, ते साहेब ठरवतात. साहेब कुठे आहेत? साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आहेत. साहेबांना काय हवंय ते तुझ्या कॉम्प्युटरवर दिसतं का? नाही, मला तुम्हाला दिसतं तेवढंच दिसतं. मग तू इथे कशासाठी बसला आहेस?

“मार्गदर्शनासाठी.”

माझ्या भाच्याची सीएची आर्टिकलशिप चालू आहे. त्याने केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ ला काढलेल्या सूचना छापून दिल्या होत्या. मंडळाने आपल्याच अधिकाऱ्यांना स्वच्छ लिहिलंय: जागा स्वतःची असेल तर मालमत्ता कराची पावती, वीजबिल, यांतलं एक काहीतरी पुरे. भाड्याची असेल तर करार आणि मालकाच्या मालकीचा एक पुरावा. मालकाचं पॅन मागू नका, आधार मागू नका, जागेचे आतून-बाहेरून फोटो मागू नका, क्षुल्लक कारणांवरून लोकांना अडवू नका. म्हणजे दिल्लीलाही कळलं होतं की लोकांना छळतायत. नुसतं हळदकुंकू वाहायचं बाकी ठेवून मी तो कागद टेबलावर ठेवला. पोराने पहिली ओळ वाचली आणि परत सरकवला.

“हे सेंट्रलचं आहे काकू. तुम्ही स्टेटला आहात.”

मी स्टेटला कधी गेले? कुणी नेलं मला? तर म्हणे वाटप होतं, कॉम्प्युटर करतो. २०१७ साली दोन्ही सरकारांनी करदाते वाटून घेतले. दीड कोटीखालच्या उलाढालीतले शंभरातले नव्वद राज्याकडे, दहा केंद्राकडे. दीड कोटीवरचे निम्मे-निम्मे. भाऊ वेगळे होताना भांडी वाटून घेतात तसं. एक देश, एक कर, पोर्टल एक, अर्ज एक, आणि ‘योग्य’ मात्र दोन.

तर पुढची सूचना: हट्टाला पेटू नका. मी पेटले. तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी सेंट्रलच्या केंद्रात गेले. तिथली पाटी मोठी, अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क दोन्ही लिहिलेलं, एसीसुद्धा. माझ्यापुढे एक गृहस्थ होते, त्यांना पितळी समया सिंगापूरला पाठवायच्या होत्या. आयात-निर्यातीचा कोड पाचशे रुपये भरून काढलेला, आता बँकेचा एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे जिथे येणार त्या शाखेचा नंबर, सीमाशुल्काच्या पोर्टलवर चढवायचा होता, तो चढेना. त्यांना कळलं की हे या खिडकीवर येत नाही. पाटीवर आहे, खिडकीवर नाही. ते थँक यू म्हणाले. का म्हणाले असतील?

मग माझा नंबर. तिथल्या बाई फार छान होत्या, खरंच. खुर्ची दिली, सगळे कागद पाहिले, बिल पाहिलं, आजेसासऱ्यांचा दाखला पाहिला. म्हणाल्या, “मावशी, तुमचं अगदी बरोबर आहे. पण तुम्ही आमच्याकडे नाही.”

सात दिवसांतले चार संपले.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात दिवे लावून हा कर आणला तेव्हा आमच्या ह्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. गुड अँड सिंपल टॅक्स, असं तेव्हा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईची जकात गेली. मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवरची ट्रकची रांग गेली. छान झालं. ती रांग आता जिना चढून टेबलासमोर उभी आहे, एवढंच.

बरं, पुरे झाले सल्ले. आता सरळ बोलते.

त्या पोराचं काही चुकत नाही. चुकतं ते त्याला रिकाम्या हाताने तिथे बसवणाऱ्यांचं. माणूस बसवता, पगार देता, दारावर मार्गदर्शन लिहिता, आणि अर्ज कशासाठी अडलाय एवढंही त्याच्या पडद्यावर दिसू देत नाही? त्याला वर फोन करून विचारायची मुभा नाही? आणि तो शेरा लिहिणारे साहेब, तुम्हीही ऐका. ‘योग्य’ हा शब्द खोडा. कागदाचं नाव लिहा. मालमत्ता कराची पावती जोडा, असं लिहा. मालकाची सही आणा, असं लिहा. जमत नाही, तुमचा अर्ज नामंजूर, असं तरी लिहा. चार अक्षरं जास्त टाइप केली तर बोटं झिजतात? माझी झिजली आहेत, तुमच्याच यंत्राने सांगितलंय. मी कर बुडवायला आले नव्हते हो! मी द्यायला आले होते. चोराला तुमची भाषा येते, त्याचा सीए येतो, त्याचा योग्य कागद पहिल्या दिवशी तयार असतो. अडकते ती मसाला कुटणारी.

आणि वाचताना हसणारे तुम्ही. तुमच्यातल्या निम्म्यांनी बाहेरच्या माणसाला अडीच-तीन हजार देऊन नोंदणी केली आहे, मला माहीत आहे, मला तसा सल्ला देणारे पाच जण आमच्याच चाळीत निघाले. या नोंदणीचं सरकारी शुल्क शून्य आहे. शून्य! तुम्ही शून्याच्या कामाचे तीन हजार देता, वर ‘कोण डोकेफोड करणार’ म्हणता, आणि मग केंद्रातल्या रिकाम्या टेबलाला विचारणारं कुणी उरत नाही. एक तक्रार लिहिलीत कधी? त्या टेबलावर तक्रारवही असते. मी उघडली. तिच्यात आधीचा कुणाचा हिशेब होता, दूध आणि वडापावचा.

मी त्याखाली लिहून आले. सही केली, अंगठाही दिला; शाईत तो बरा उमटला.

सातव्या दिवशी भाच्याने घरातला सापडेल तो कागद स्कॅन करून चढवला, रेशनकार्डासकट. त्यातला एखादा योग्य निघेल.

रात्री बेळगावहून फोन आला. बहिणीला सगळी कथा सांगितली. ती म्हणाली, “अगं, एवढंच ना? तू पाकिटं घेऊन कोल्हापूरला ये. मीपण येते. अंबाबाईचं दर्शन घेऊ आणि तिथेच काय ते घेऊन जाते.”

मंगळवारची तिकिटं काढली आहेत.