समुपदेशक हवी ती पहिलीच्या वर्गापासून

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ मधल्या एका निकालापासून नागपुरातल्या माझ्या शिक्षक मैत्रिणींच्या बोलण्यात शाळेतल्या समुपदेशकाचा विषय सारखा येतो. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. त्यात न्यायालयाने देशभरातल्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं, असं त्यात आहे.

पण बोलणं दहावी-बारावीच्या पुढे-मागे सरकत नाही. नीट, जेईई, क्लासेस, निकालाचा दिवस. पहिली ते चौथीच्या मुलांचं नाव कुणी काढत नाही. मी ओहायोत राहते, माझी मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते, आणि जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की समुपदेशक सर्वांत आधी या लहान वर्गांना हवी. ती तक्रारीची वाट पाहत खोलीत बसणारी नको, वर्गात जाणारी हवी.

माझी एक मैत्रीण नागपुरात अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका आहे. ती फोनवर म्हणाली, "अगं, चौथीच्या पोट्ट्यांना कसलं टेन्शन? आम्हाला आधी वर्गाला शिक्षक दे, मग समुपदेशक." तिच्या बोलण्यातला दुसरा भाग शंभर टक्के खरा आहे. ज्या बाईंना निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरणं असं सगळं करून शिकवायचं आहे, त्यांच्यावर दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर मुलांची मनं सांभाळायची जबाबदारीही टाकणं अन्याय आहे. पहिला भाग मात्र मला पटत नाही.

मुलीच्या शाळेतली समुपदेशक ठरलेल्या दिवशी प्रत्येक वर्गात अर्ध्या तासाचा तास घेते. राग आला की अंगात काय होतं, चुगली करणं आणि मदत मागणं यांत फरक काय, कुणी अंगाला नकोसा हात लावला तर कुणाला सांगायचं, मोठ्यांनी "हे गुपित ठेव" म्हटलं तरी कोणतं गुपित ठेवायचं नाही. हे तास सगळ्यांसाठी असतात, त्यामुळे तिच्याकडे जाणारं मूल 'बिघडलेलं' ठरत नाही. त्याखेरीज पाच-सहा मुलांचे छोटे गट असतात. आईवडील वेगळे झालेली मुलं, नवीन गावातून आलेली, ज्यांना मित्रच नाहीत अशी. गट काही आठवडे चालतो आणि संपतो, त्याआधी पालकांची परवानगी घेतली जाते. एकेकट्या मुलाशीही ती बोलते, पण थोडेच दिवस. निदान आणि दीर्घ उपचार हे तिचं काम नाही, तशी गरज दिसली तर ती पालकांना बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवते. मुलांना ती पहिल्याच तासाला सांगते की तुमचं बोलणं माझ्याकडे राहील, मात्र तुम्हाला कुणी इजा करत असेल, किंवा तुम्ही स्वतःला वा दुसऱ्याला इजा कराल असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. अत्याचाराचा संशय आला तर कळवणं तिला कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं १९वं कलमही तेच सांगतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सीसीटीव्हीवर खूप बोललं गेलं. सीसीटीव्ही हवेतच. पण एवढ्या लहान लेकराला सांगता यावं म्हणून शब्द आणि ओळखीचं माणूस कोण देणार?

माझे बाबा नागपुरात गेले तेव्हा मी एकटीच धावत आले, मुलगी इकडेच राहिली. आजोबांना तिने शेवटचं फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. ती वर्गात बोलेनाशी झाली. तिच्या बाईंनी समुपदेशकाला सांगितलं आणि तिला एका गटात घेतलं गेलं. त्यात आणखी तीन मुलं होती, तिघांच्याही घरचं कुणीतरी गेलेलं. त्यांनी गेलेल्या माणसाची चित्रं काढली, त्याच्याबद्दल एकमेकांना सांगितलं, रडली, खेळली. "मेला" हा शब्द तिथे सरळ वापरला जात होता. आठ वर्षांच्या पोरीला मी तो शब्द बोलले नव्हते.

मानेवाड्याला माझा भाचा तिच्याच वयाचा. तो आजोबांच्या खोलीत झोपायचा. घरी तेरा दिवस माणसांचा राबता असणार, लेकराने हे सगळं बघू नये, म्हणून भावजयीने त्याला काटोलला तिच्या माहेरी पाठवलं. "आजोबा देवाघरी गेले" एवढंच त्याला सांगितलं. मायेनेच केलं, मीही तेव्हा होच म्हटलं असतं. पुढे त्याला रात्री एकट्याने झोपवेना, अंथरूण ओलं व्हायला लागलं. शाळेच्या डायरीत शेरा आला, 'वर्गात लक्ष नसते'. भावजय मला म्हणाली, "ताई, मॅडमना काय सांगू? समुपदेशकाकडे न्यायचं म्हटलं तर हे म्हणतात, पोरगा पागल आहे का?" ज्या शहरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक सरसकट पागलखाना चौक म्हणतात, तिथे ही भीती साधी नाही. नागपूरच्या घरात त्या पोराभोवती माणसं कितीतरी जास्त होती, पण आजोबांबद्दल त्याच्याशी बोललं कुणीच नाही.

अमेरिकेत सगळं छान चाललं आहे असं कुणी समजू नये. इथल्या स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे, देशाची सरासरी २०२३-२४ मध्ये ३७६ होती आणि लहान वर्गांची अवस्था त्याहून वाईट आहे. कित्येक शाळांत समुपदेशकाला परीक्षांचं नियोजन आणि जेवणाच्या सुट्टीतली देखरेख करायला लावतात, मग मुलांसाठी वेळ उरत नाही. आणि इथेही सुरुवात मोठ्या मुलांपासूनच झाली. सोव्हिएत रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिका हादरली, १९५८ च्या कायद्याने हायस्कूलमधली हुशार मुलं शोधून विज्ञानाकडे वळवण्यासाठी समुपदेशकांना पैसा दिला. प्राथमिक शाळांना तो १९६४ च्या दुरुस्तीनंतर मिळाला. आपण तोच उशीर पुन्हा करू नये.

मैत्रिणीला मी विचारलं, प्रत्येक शाळेला माणूस देणं जमणार नसेल तर जवळच्या शाळांच्या केंद्राला एक देता येईल का? जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या चार-पाच शाळा मिळून एक समुपदेशक, प्रत्येक शाळेचा वार ठरलेला, वेळापत्रकात तिचा तास लिहिलेला. ती पोरांची बोली जाणणारी हवी, घरी हिंदी, हलबी किंवा गोंडी बोलणारी मुलंही या वर्गांत बसतात. मैत्रीण थोडा वेळ विचार करून म्हणाली, "चालेल. पण मला ठाऊक आहे ना, दुसऱ्याच महिन्यात तिला बदली शिक्षक म्हणून वर्गावर उभी करतील." ही भीती रास्त आहे. म्हणून शासनाने पद काढताना पगाराच्या आकड्यासोबत दोन गोष्टी आदेशातच लिहाव्यात: तिला बदली तास, माहिती भरणं आणि निवडणुकीचं काम देता येणार नाही, आणि आठवड्यातले तिचे बहुतेक तास पहिली ते चौथीच्या वर्गांत जातील.