कंपनी निवडा, नदीचं नंतर बघू

युरोपातल्या नदीवर क्रूझला जायचं तुमचं एकदाचं ठरलं, हे फार उत्तम झालं. स्वित्झर्लंडचा बर्फ झाला, पॅरिसचा मनोरा झाला, सोसायटीत सांगण्यासारखं आता एवढंच उरलं होतं. त्यातून तुमचे साडू मागच्या वर्षी जाऊन आलेत, म्हणजे प्रश्न हौसेचा राहिलेला नाही, घराण्याच्या अब्रूचा झालाय. आता कंपनी तेवढी निवडायची. त्या कामात माझा अनुभव दांडगा आहे. मी एकदाच निवडली, आणि ती चुकली.

आधी ब्रोशर मागवा आणि कागद चाचपून बघा. जाड असेल तर कंपनी चांगली. आत पांढऱ्या केसांचं एक जोडपं डेकवर उभं असेल, हातात वाइन, मागे किल्ला, आणि अख्ख्या जहाजावर तिसरं माणूस नाही. हे जोडपं सगळ्याच कंपन्यांकडे असतं. तुमच्याबरोबर दीड-पावणेदोनशे माणसं असणार आहेत आणि किल्ला दिसला की ती सगळी एकाच कठड्याला येणार आहेत, हे कागदाला हात लावून कळत नाही, म्हणून त्याचा विचार करू नका.

मग जहाज. 'आमचं जहाज सगळ्यात आलिशान' असं जी कंपनी म्हणेल तिच्यावर विश्वास ठेवा. माइन नदीवरची आणि ऱ्हाईन-डॅन्यूब जोडकालव्यावरची लॉक्स, म्हणजे जहाज वरखाली करणारे ते पाण्याचे हौद, बारा मीटर रुंद आहेत. म्हणून अ‍ॅमस्टरडॅमहून बुडापेस्टला जाणारं कुठल्याही कंपनीचं जहाज साडेअकरा मीटरच्या आतलं आणि फार तर १३५ मीटर लांब. म्हाडाच्या इमारतींसारखा सगळ्यांचा नकाशा एकच, रंग तेवढा वेगळा. २०१९ मध्ये एका कंपनीने दुप्पट रुंदीचं जहाज काढलं. ते डॅन्यूबवर ऐसपैस फिरतं आणि कालव्याच्या तोंडाशी आलं तर तिथूनच परत.

कालव्यावरून आठवलं. ऱ्हाईन आणि डॅन्यूब जोडायचं काम शार्लमेन राजाने ७९३ मध्ये काढलं होतं. ते पुरं झालं सप्टेंबर १९९२ मध्ये. मुंबई-गोवा महामार्गावरून दर गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी हे आकडे लिहून खिशात ठेवावेत, पनवेल ओलांडल्यावर आधार वाटतो.

केबिन निवडताना मात्र पैसे वाचवा. 'आपण काय केबिनमध्ये बसायला जातोय का?' हे वाक्य घरात कोणीतरी म्हणेलच. नाही म्हणालं तर तुम्ही म्हणा. सगळ्यात खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात स्वस्त. तिला खिडकी असते, पण वर, छताजवळ, आणि ती उघडत नाही. पाण्याची पातळी जवळजवळ तिथेच येते. पलंगावर पडल्या पडल्या हंसांचे पाय बघायला मिळतात, आणि तेही आठ दिवस.

त्याच्या वरच्या मजल्यावर 'फ्रेंच बाल्कनी' मिळते. फ्रेंच बाल्कनी म्हणजे बाल्कनी नसणे. काचेचं सरकतं दार, त्याला लागून कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे थेट नदी. पाऊल टाकायला जागा नाही, खुर्ची ठेवण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडच्या बिल्डरांना ही कल्पना अजून पुरती सुचलेली नाही हे नशीब, नाहीतर तिचाही दर चौरस फुटावर लागला असता. एवढे पैसे भरून दार उघडावं, तर धक्क्यावर जागा कमी म्हणून जहाजं शेजारी शेजारी, एकाला एक चिकटून बांधलेली. आमच्या दाराबाहेर हातभर अंतरावर दुसऱ्या जहाजाचं दार होतं आणि त्यात बनियनवर दाढी करणारे एक गृहस्थ. आम्ही दोघांनी एकमेकांना 'गुटन मॉर्गन' केलं. डॅन्यूब कुठे दिसतेय असं हिने विचारलं, तेव्हा मी त्यांच्या टॉवेलच्या दिशेने बोट दाखवलं.

मार्ग बघताना नकाशा उघडू नका. 'प्राग ते बुडापेस्ट, डॅन्यूबच्या लाटांवर' अशी सहल सर्रास विकली जाते आणि ती ऐकायला फार छान वाटते. प्राग डॅन्यूबवर नाही, व्हल्टावावर आहे, आणि व्हल्टावाचं पाणी एल्बमधून पार उत्तर समुद्राला जातं. तेव्हा प्राग बसने. साल्झबुर्गही बसने. क्रूझमध्ये बस किती, असं विचारणाऱ्याकडे कंपनीचा माणूस हुंड्याची यादी मागितल्यासारखा बघतो. मेल्क ते क्रेम्स हा ऑस्ट्रियातल्या वाखाउ खोऱ्याचा छत्तीस किलोमीटरचा पट्टा, द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ज्यात कोंडलं होतं तो ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. हा पट्टा जहाज उजेडी पार करणार की रात्री तुम्ही घोरत असताना, हेही विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्यांना मग उत्तरं मिळतात.

करारातलं बारीक अक्षर अजिबात वाचू नका. तिथे एक ओळ असते की पाण्याच्या पातळीनुसार कार्यक्रम बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. वाचलीत तर तुम्हाला नाही नाही ते सुचेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाईनवर काउब गावच्या मोजपट्टीचा आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. (मोजपट्टीचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, खाली आणखी मीटरभराहून थोडं जास्त पाणी असतं. पण असं बायकोला समजावून सांगून उपयोग होत नाही, ती पट्टीच दाखवते.) याउलट जून २०१३ मध्ये डॅन्यूबकाठच्या पासाउला मोजपट्टीचा आकडा जवळजवळ तेरा मीटरवर गेला. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियातली डॅन्यूब जहाजांना बंद झाली आणि व्हिएन्नाच्या धक्क्यावर पाहुणे अडकून बसले. पाणी कमी झालं की बूड टेकतं, जास्त झालं की पुलाखालून डोकं जात नाही. नेहमीच्या पाण्यातसुद्धा कित्येक पुलांपाशी सनडेक रिकामा करतात, छत्र्या-खुर्च्या आडव्या होतात, कप्तानाची खोली लिफ्टसारखी खाली उतरते आणि छतातल्या भोकातून कप्तानाचं डोकं तेवढं वर राहतं. अख्ख्या सहलीत मला मनापासून आवडलेलं दृश्य हेच.

आता आमची हकीकत. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचं एकच जहाज त्या नदीवर होतं आणि 'छोटी, घरगुती कंपनी' म्हणून आम्ही ती मुद्दाम निवडली होती. न्यूरेम्बर्ग ते बुडापेस्ट, सप्टेंबर. बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन असा सत्तरेक किलोमीटरचा तुकडा आहे, तिथे धरणं नाहीत, नदी मोकळी वाहते. पर्यावरणवाल्यांनी तो तसा राखला, चांगलंच केलं. पाणी उतरलं की मात्र जहाजं तिथेच अडतात. आमचं अडलं. मग सकाळी आठला बस, डब्यात चीज सँडविच, आणि डॅन्यूब आम्ही महामार्गावरून, उजव्या हाताला, अधूनमधून पाहिली. संध्याकाळी परत त्याच जहाजावर, त्याच धक्क्यावर, आणि जेवताना जहाजाचा मॅनेजर विचारतोय, 'आजचा प्रवास कसा झाला?'

साडूंच्या वेळीही पाणी असंच उतरलं होतं. पण त्यांची कंपनी मोठी. अडलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तिची दोन सारखी जहाजं. इकडचे पाहुणे बसने तिकडे, तिकडचे इकडे. केबिनचा नंबर तोच, उशीवरचं चॉकलेटही तेच. दुपारी साडू पुन्हा नदीवर. हे त्यांनी मला आजवर चार वेळा सांगितलं आहे. तेव्हा नदीवर किती जहाजं आहेत हा प्रश्न कंपनीला विचारू नका, नाहीतर तुम्हीही साडूंसारखे व्हाल.

बाकी निवड सोपी आहे. मुलगा आइंडहोव्हनला असेल आणि 'बाबा, पिंटूलाही घेऊन जा ना' असा फोन यायची भीती असेल तर वायकिंग बघा, अठरा वर्षांखालच्यांना ते घेतच नाहीत. फ्रेंच लोकांत बसून फ्रेंच जेवण जेवायचं असेल तर स्ट्रासबुर्गची क्रॉइसीयुरोप आहे. शाकाहारी असाल तर कोणतीही कंपनी चालेल, रिसोटो सगळीकडे मिळतो. आणि मग दुसऱ्या दिवशीही मिळतो.

'सर्व समाविष्ट' हे शब्द दिसले की निश्चिंत व्हा. वाइन जेवणाबरोबर समाविष्ट असते, जेवणाआधीची आणि नंतरची तहान आपली. टिप ऐच्छिक असते, म्हणजे माणशी रोज दहा ते पंधरा युरो असा आकडा छापलेलं पाकीट शेवटच्या रात्री केबिनमध्ये ऐच्छिकपणे येऊन पडतं. एकटे जाणार असाल तर पलंगाच्या रिकाम्या बाजूचेही पैसे भरायचे, ती बाजू जेवत नसली तरी.

व्हिसाचं म्हणाल तर शेंगेनचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा, नियम साधा आहे: ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. जहाज व्हिएन्नाहून रात्री अकराला सुटतं आणि उजाडताना ब्रातिस्लाव्हाला लागतं, तेव्हा ती रात्र ऑस्ट्रियाची की स्लोव्हाकियाची, यावर मुंबईच्या व्हिसा केंद्रात माझी खिडकीवरच्या मुलीशी बरीच चर्चा झाली. मागची रांग आधी हसली, मग चिडली. सर्बियापर्यंत जाणार असाल तर तो देश शेंगेनमध्येच नाही; बाहेर पडून परत आत येता येईल असा व्हिसा मागा, नाहीतर बेलग्रेडला छान वाटलं तरी परतीचं अवघड.

शेवटच्या संध्याकाळी बुडापेस्टच्या संसदेचे दिवे पाण्यात हलत होते (तिथवर आम्ही बसनेच आलो होतो), व्हायोलिन चाललं होतं, आणि मॅनेजर एक कागद घेऊन टेबलापाशी आला. पुढची सहल आज इथेच नोंदवली तर पंधरा टक्के सूट. हिने माझ्याकडे पाहिलं. मी मनात साडूंकडे पाहिलं. त्यांची ऱ्हाईन अजून झालेली नाही.

तर पुढच्या वर्षी आम्ही ऱ्हाईनला चाललोय. सूट ऑक्टोबरच्याच तारखांना होती. काउबला बसने जाणार की जहाजाने, ते कंपनी नंतर कळवणार आहे.