मिनोससमोर जाताना घ्यावयाची काळजी

नाशिककरांनो, मेल्यावर आपलं प्रकरण चित्रगुप्ताकडेच जाणार, असं गृहीत धरून चालू नका. हल्ली कुठलं काम कुठल्या कार्यालयाकडे वर्ग होईल याचा नेम नाही. चुकून ग्रीकांच्या पाताळात रवानगी झाली, तर समोर मिनोस असेल. थोडी पूर्वतयारी असलेली बरी.

मिनोस मूळचा क्रीट बेटाचा राजा आणि ग्रीक देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा. म्हणजे नेमणूक कशी झाली, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. हयातीत त्याने अथेन्सकडून सात मुलगे आणि सात मुली खंडणी म्हणून मागवल्या आणि घरच्या बैलतोंड्या राक्षसापुढे टाकल्या. एवढ्या अनुभवावर मेल्यानंतर थेट न्यायाधीश! ग्रीक कवी होमरने पाहिला तेव्हा तो सोन्याचा राजदंड घेऊन भारदस्तपणे बसायचा. पुढे चौदाव्या शतकात इटालियन कवी दान्तेने त्याला आपल्या काव्यातल्या नरकात घेतलं आणि शेपूट लावून दिलं. आता तो नरकाच्या दुसऱ्या वर्तुळाच्या दाराशी गुरगुरत उभा असतो. आत्मा समोर आला की ऐकून घेतो आणि शेपूट स्वतःभोवती गुंडाळतो. जितके वेढे, तितक्या क्रमांकाचं वर्तुळ. वर्तुळं एकूण नऊ. निकालाची नक्कल मिळत नाही, अपील नाही, आणि पुढची तारीख तर नाहीच नाही.

तुम्ही म्हणाल, ओळख काढू. पूर्वी ती सोय होती. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपला गुरू सॉक्रेटिसच्या तोंडी एक गोष्ट घातली आहे. कोणे एके काळी माणसाचा निकाल मरायच्या दिवशी, जिवंतपणीच लागायचा, आणि न्यायाधीशही जिवंतच असायचे. मंडळी ठेवणीतले कपडे घालून, घराणं आणि पैसा दाखवत, साक्षीदारांचा घोळका घेऊन यायची. आपल्याकडचा दहावाच म्हणा ना. रामकुंडावर पिंड मांडलेले असतात, माइकची टेस्टिंग चालू असते, पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीतले नेते एकामागून एक श्रद्धांजली वाहतात, आणि चौथा वक्ता शेजारच्याच्या कानाशी लागून विचारतो, “मयताचं नाव काय हो?” मग तोच माणूस माइकवर दहा मिनिटं सांगतो की आमचे घरचे संबंध होते. असल्या साक्षींमुळे नको ते लोक स्वर्गात पोचायला लागले. तक्रार वर गेली. झ्यूसने पद्धतच बदलली: आधी मरा, मग उघडेनागडे या, आणि तपासणाराही मेलेलाच असेल. आपण आशियातले, म्हणून आपलं पहिलं टेबल ऱ्हाडामँथसचं. युरोपवाल्यांचं एआकसकडे. या दोघांचं अडलं तर शेवटचा शब्द मिनोसचा. तेव्हा फ्लेक्सवाल्याला फोटो पाठवून ठेवा जरूर, पण तो चौकातच राहील.

वशिला पोपचाही चालत नाही. मायकलअँजेलोने पोपच्या सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘अंतिम न्याय’ या चित्रातल्या नागड्या आकृत्यांवर पोपच्या एका मानकऱ्याने नाक मुरडलं. चित्रकाराने गाढवाचे कान लावलेल्या मिनोसला त्याचाच चेहरा देऊन टाकला. चित्र 1541 मध्ये पुरं झालं. मानकरी रडत पोपकडे गेला, तर पोप म्हणाले, नरकात आमचा अधिकार चालत नाही. अशी गोष्ट सांगतात, आणि मला ती खरी वाटते. हद्दीचा मुद्दा काढला की कुठल्याही साहेबाची सुटका होते.

खरी पंचाईत पुढेच आहे. मिनोसकडे वही नाही. आपल्या चित्रगुप्ताचं कसं, वही आली म्हणजे लेखनिक आला, लेखनिक आला म्हणजे चहा आला, आणि चहा झाला की एखादं पान चिकटून राहू शकतं. इथे समोर उभा राहिलेला आत्मा आपणहून सगळं ओकून मोकळा होतो. म्हणून आत्तापासून सवय लावा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, “मला आठवत नाही.” “सही माझी आहे, पण मजकूर वाचला नव्हता.” “तेव्हा तो चार्ज माझ्याकडे नव्हता.” तिथे उपयोग होणार नाही, पण मरेपर्यंत इथे पुष्कळ होईल.

आणखी एक लोकप्रिय उपाय म्हणजे आगाऊ धुलाई. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. आधी बुडी मारून घेऊ, मग निवांत प्लॉटचं बघू, असा हिशेब पुष्कळांनी मांडला असेल. त्यांच्यासाठी ग्वीदो दा मोन्तेफेल्त्रोचं उदाहरण. हा इटलीतला पट्टीचा लढवय्या म्हातारपणी संत फ्रान्सिसच्या पंथात संन्यासी झाला. दान्ते सांगतो, पोप बोनिफेसला शत्रूचा गड घ्यायचा होता. त्याने ग्वीदोला पापाची माफी आगाऊ दिली आणि युक्ती विचारली. ग्वीदोने सांगितलं: आश्वासन लांबलचक द्या, पाळताना आखडतं घ्या. यात नवीन ते काय? पिंडाला कावळा शिवेना की आपला थोरला पुढे होऊन पुटपुटतोच, “आई, धाकट्याचं मी बघतो,” आणि कावळा बिचारा विश्वास ठेवतो. पण ग्वीदो 1298 मध्ये मेला, संत फ्रान्सिस त्याला न्यायला आले, आणि मध्येच नरकाचा एक काळा दूत आडवा आला. त्याचं म्हणणं: पश्चात्ताप झाल्याशिवाय माफी नाही, आणि पश्चात्ताप व पाप करायची इच्छा एकाच वेळी असू शकत नाही. वर ग्वीदोलाच म्हणतो, मी तर्कशास्त्री असेन असं वाटलं नव्हतं ना तुला? मिनोसने आठ वेढे घेतले आणि रागाने स्वतःचीच शेपटी चावली.

आठ वेढे पडले तर घाबरू नका, ओळखीचे पुष्कळ भेटतील. आठव्या वर्तुळात दहा खंदक आहेत. खुशमस्करे विष्ठेत, ज्योतिषी मान उलटी फिरवून, वाईट सल्ला देणारे ज्वाळांत (हा लेख तिथवर पोचू नये, एवढीच अपेक्षा). पाचवा खंदक मात्र मुद्दाम बघून घ्या. सरकारी खुर्चीत बसून पैसे खाल्लेल्यांना तिथे उकळत्या डांबरात ठेवतात, आणि कोणी डोकं वर काढलं की आकडेवाले राक्षस त्याला पुन्हा खाली दाबतात. गंगापूर रोडने रोज पाठीचे मणके मोजत जाणाऱ्यांना हे पाहून गहिवरून येईल. अस्सल डांबर, काठोकाठ, पावसाळ्यातही. आणि खड्डे दहाच्या दहा भरलेले.