कोकणातलं 'बुडालेलं मंदिर' स्कॉटलंडमध्ये आहे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. जलरंगातलं जुनं चित्र: समुद्रात तोंड उघडलेली प्रचंड गुहा, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. खाली मजकूर असा, की हे कोकण किनाऱ्यावरचं पांडवकालीन मंदिर, १७७२ मध्ये एका इंग्रज चित्रकाराने रंगवलं आणि मग कंपनी सरकारने सुरुंग लावून उडवलं. षट्कोनी खांब निसर्गात होऊच शकत नाहीत, आत ओंकार घुमायचा, वगैरे. शेवटी 'शोधमोहिमे'साठी पैसे पाठवायचा नंबर. आत्या पाचशे रुपये पाठवायला निघाली होती, म्हणून हे लिहावं लागतंय.

चित्र खरं, सालही खरं. जागा मात्र स्कॉटलंडच्या पश्चिमेचं स्टाफा बेट, आणि गुहेचं नाव फिंगल्स केव्ह. ऑगस्ट १७७२ मध्ये इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आइसलंडला जाताना तिथे उतरला. जॉन क्लीव्हली आणि मिलर बंधू हे चित्रकार त्याच्यासोबत होते. बँक्सचं वर्णन टॉमस पेनंटच्या १७७४ च्या प्रवासग्रंथात छापलंय, मोजमापांसकट: बाहेरच्या खडकापासून लांबी ३७१ फूट ६ इंच, बाहेरच्या एका खांबाची उंची ३९ फूट ६ इंच. फॉरवर्डमधले 'हजार फुटी खांब' कुठून आले, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता तो षट्कोनाचा मुद्दा, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. ओढ सगळीकडून सारखी असली की तडे साधारण १२० अंशांत एकमेकांना मिळतात, आणि थंडावा आत शिरेल तसे तेही आत सरकतात. उरतात ते खांब. पटत नसेल तर वाटीत कॉर्नफ्लोर पाण्यात कालवा, बल्बखाली पूर्ण वाळू द्या आणि वडी मोडून बघा: आत पेन्सिलीसारखे बारीक खांब दिसतील. टोरंटोच्या शास्त्रज्ञांनी याच पिठावर रीतसर प्रयोग केलेत. शिवाय स्टाफाचे सगळे खांब षट्कोनी नाहीतच. पाच बाजूंचे आहेत, सातचेही आहेत. जवळच काही खांब चक्क वाकलेले आहेत, जहाजाच्या फासळ्यांसारखे. कुठला पाथरवट असलं काम करून मजुरी मागेल?

आणि एवढं लांब कशाला जायचं? अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. सुमारे २०० फूट उंच, त्याच जातीच्या उभ्या खांबांची, वर गावदेवीचं देऊळ. तिच्या भोवतालचा दगड खाणींनी कधीच खाल्ला. तो कंपनी सरकारच्या तोफांनी उडवला नाही, इमारतींच्या खडीसाठी फोडला. त्यावर एकही फॉरवर्ड येत नाही.

सुरुंगाचं म्हणाल तर १७७२ म्हणजे थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले ते साल. कोकणचा बहुतेक किनारा तेव्हा मराठ्यांकडे. त्यांच्या नाकाखाली एवढं मंदिर उडालं आणि कुठल्याच कागदात त्याचा उल्लेख नाही?

हो, इंग्रजांनी आपल्या वस्तू पळवल्या, हे मान्य करायलाच हवं. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये विलायतेला न्यायला निघाले होते, क्रेन मोडली म्हणून राहिला. तो आज राणीच्या बागेत जोडून उभा आहे. पण म्हणून कुठलंही चित्र उचलून त्या लुटीच्या नावावर खपवायचं? गुहेला मंदिराची उपमा देण्यात तसं काही गैर नाही. बँक्सनेही तिच्यापुढे कॅथेड्रल म्हणजे खेळणी असं लिहून ठेवलंय. आवाजही घुमतो, लाटांचा.

'डिलीट व्हायच्या आत शेअर करा' म्हणे. अडीचशे वर्षांपूर्वी पुस्तकात छापून आलेली गुहा कोण डिलीट करणार? शोधमोहीम काढायचीच असेल तर स्टाफाजवळच्या मल बेटावरून उन्हाळ्यात स्टाफाला पर्यटकांच्या बोटी सुटतात. तिकीट आपापलं काढावं.