चालून जाणारे गैरसमज

लिफ्टच्या बाहेर दोन बटणं असतात. एकावर वर जाणारा बाण, दुसऱ्यावर खाली जाणारा. समजा तुम्ही पाचव्या मजल्यावर उभे आहात, लिफ्ट तळमजल्यावर आहे आणि तुम्हाला खाली जायचंय. कुठलं बटण दाबाल? रोज लिफ्ट वापरणारी, चांगली शिकलेली कितीतरी माणसं इथे वरचा बाण दाबतात. त्यांचा हिशोब असा, की लिफ्ट खाली आहे, मी वर आहे, तर तिला वर बोलवायला हवं. खरं तर लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे हे तिच्या यंत्रणेला ठाऊकच असतं. तिला ठाऊक नसतं ते एवढंच, की तुम्हाला कुठे जायचंय. बाण त्यासाठी असतो.

माझ्या परिचयातल्या एका काकांना हे साठी उलटल्यावर कळलं. कळल्याबरोबर ते म्हणाले, "म्हणजे म्हणून ती मला आधी वर फिरवून आणायची होय!" इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की लिफ्टची पद्धतच तशी असते, आधी वर जायचं आणि मग खाली यायचं.

काकांचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी चुकीचं बटण दाबलं तरी लिफ्ट येत होती, दार उघडत होतं, ते खाली पोचत होते, फक्त जरा फिरून. 'तुमचं चुकतंय' असं त्यांना कुणी किंवा कशानंही एकदासुद्धा सांगितलं नव्हतं. ज्या चुकीचा दंड कधी भरावा लागत नाही, ती माणसासोबत जन्मभर राहू शकते. म्हणून माझं ठाम मत आहे की रोजच्या गोष्टींबद्दलच्या अशा उशिरा उलगडणाऱ्या गैरसमजांचा आणि हुशारीचा काही संबंध नाही. उलट त्यातले बरेचसे चांगल्या डोक्यानं, समोर दिसतंय त्यावरून नीट बांधलेले तर्क असतात. तपासायची वेळच आली नाही, एवढंच.

एसीचं बघा. बाहेरून तापून आलेला माणूस रिमोट घेतो आणि थेट १६ वर नेतो, खोली लवकर गार व्हावी म्हणून. मनात चित्र नळाचं असतं, जास्त उघडला की जास्त पाणी. साध्या एसीचा कॉम्प्रेसर मात्र एक तर चालू असतो नाहीतर बंद. १६ लावा की २४, गार करण्याचा वेग तोच. १६ वर तो थांबत नाही, एवढाच फरक. (इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो हे खरं, पण खोली खूप तापलेली असेल तर २४ वरसुद्धा तो सुरुवातीला जोरातच चालतो.) विलेट केम्प्टन या अभ्यासकानं १९८६ साली अमेरिकेतल्या घरांमधल्या हीटरबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं. बरीच माणसं थर्मोस्टॅटकडे, म्हणजे खोलीचं तापमान ठरवून देणाऱ्या यंत्राकडे, नळ म्हणूनच बघतात, आणि हे चित्र चुकीचं असलं तरी त्यावर घर बऱ्यापैकी सांभाळता येतं, हेही त्यानं मोकळेपणानं मांडलं. खोली शेवटी गार होते, किंवा गरम होते. मग शंका यावीच कशाला?

पंख्याचंही तेच. पंखा खोली गार करत नाही, आपला घाम वाळवून आपल्याला गार करतो. आपण खोलीत नसताना 'खोली थंड राहू दे' म्हणून चालू ठेवलेला पंखा मोटारीच्या उष्णतेनं तिथली हवा किंचित गरमच करत असतो. पण आपण परत येऊन त्याच्याखाली बसतो तेव्हा गार वाटतं, आणि समज पक्का होतो.

आता चंद्र. चंद्र फक्त रात्री दिसतो, असं मानणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांचं अजिबात नवल वाटत नाही. लहानपणापासून पुस्तकांतली चित्रं आठवून बघा. एका पानावर निळं आभाळ आणि सूर्य, दुसऱ्या पानावर काळं आभाळ, चांदण्या आणि चंद्र. चंद्राला रात्रपाळीच लावलेली. प्रत्यक्षात चंद्र रोज साधारण बारा तास क्षितिजाच्या वर असतो आणि त्यातला बराच वेळ महिन्यातले बहुतेक दिवस उजेडातच जातो. शुक्ल पक्षातल्या अष्टमीच्या सुमारास तो दुपारी उगवून संध्याकाळी डोक्यावर असतो. कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या सुमारास सकाळी पश्चिमेकडे फिकट पांढरा अर्धा चंद्र मजेत लटकत असतो. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अशी पूर्ण रात्रपाळी तो फक्त पौर्णिमेच्या आसपास करतो. एका मैत्रिणीला मी सकाळी नऊ वाजता तो दाखवला, तेव्हा तिनं आधी विचारलं, "आज काही खास आहे का?" काही खास नव्हतं. तो तिथे नेहमीच येत होता, पण जे नसणारच अशी खात्री असते ते शोधायला मान वर जात नाही.

आभाळाच्याच बाबतीत दुसरा समज तर याहून पक्का आहे. उन्हाळा का येतो? पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून, असं उत्तर सहज येतं. शेकोटीजवळ गेलं की चटका बसतो, हा अनुभव तर सगळ्यांनाच आहे. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सगळ्यात लांब, सुमारे १५.२ कोटींवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात पदवीधर आणि प्राध्यापक मिळून २३ जणांना कॅमेऱ्यासमोर ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का होतात, असं विचारलं होतं. त्यातल्या २१ जणांच्या उत्तरात गडबड होती. काळे झगे घातलेली ती माणसं किती आत्मविश्वासानं सांगतात! हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी तरी 'शिकलेल्यांना कळतं' हा समज सोडून द्यावा.

काही गैरसमज छोटे असतात आणि एका वाक्यात सुटतात. छोटी माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू नव्हे. कोषातून बाहेर आलेली माशी पुढे वाढतच नाही, तिचं पिल्लूपण अळी असतानाच संपलेलं असतं. सरकत्या जिन्याच्या कडेचे ब्रश बूट पुसायला नसतात. पाय किंवा कपडा कडेच्या फटीत जाऊ नये म्हणून ते असतात. मनगटावरच्या निळ्या शिरांमध्ये निळं रक्त नसतं. रक्त तिथेही लालच, जरा गडद.

टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेवटी असलेल्या रंगीत चौकोनाची गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. हिरवा म्हणजे नैसर्गिक, निळ्यात औषध, काळा म्हणजे निव्वळ केमिकल, असा निरोप फोनवरून फिरत राहतो. ती खूण असते कारखान्यातल्या यंत्रासाठी. तिथला सेन्सर ती वाचतो आणि ट्यूब कुठे कापायची, कुठे बंद करायची ते यंत्राला कळतं. रंग कुठलाही असू शकतो, फक्त मागच्या रंगावर उठून दिसायला हवा. काकांचा लिफ्टचा समज त्यांनी स्वतः विचार करून बांधलेला होता. हा मात्र कुणीतरी रचून लोकांच्या हातात ठेवलेला आहे. या दोन जाती मी कधीच एकत्र मोजणार नाही. पहिलीबद्दल मला जिव्हाळा आहे, दुसरीची चीड येते.

चालून जात नाही, उलट नुकसान करून जाते, अशीही एक गंमत आहे. सुताराकडच्या पोलादी मेजर टेपच्या टोकाला पत्र्याचा हुक असतो आणि तो हलतो. नवी टेप घेतलेला माणूस तो हलताना बघतो, टेप खराब आहे असं समजतो आणि हातोडी घेऊन रिव्हेट ठोकून तो घट्ट करतो. हुक मुद्दाम सैल ठेवलेला असतो. तो बरोबर स्वतःच्या जाडीएवढा सरकतो. फळीच्या कडेला अडकवून टेप ओढली की हुक बाहेर येतो, भिंतीला टेकवून आत दाबली की मागे जातो, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. ठोकून घट्ट केला की यापैकी एक माप कायमचं चुकतं. एवढी सुंदर युक्ती, आणि ती बिघाडासारखी दिसते! टेपवर दोन शब्द छापले असते तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

कारण वस्तू बोलू शकते. गाडीत पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं चिन्ह असतं, त्याच्या शेजारी एक चिमुकला त्रिकोण. टाकीचं झाकण गाडीच्या कुठल्या बाजूला आहे ते तो त्रिकोण दाखवतो. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या अनेकांना तो दिसलेला असतो, पण कळलेला नसतो. फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन या अभियंत्याची ही कल्पना. १९८६ मध्ये पावसात, कंपनीच्या एका गाडीत पेट्रोल भरताना झाकण भलत्याच बाजूला निघालं आणि ते भिजले. परत येऊन त्यांनी वरिष्ठांना लेखी सूचना केली, की गाडीनंच हे सांगावं. १९८९ च्या मॉडेलच्या गाड्यांमध्ये तो बाण आला आणि पुढे जगभर गेला. भिजल्यावर 'मी कसा विसरलो' असं म्हणून गप्प बसणं सोपं होतं. त्यांनी दोष गाडीच्या पॅनेलमध्ये शोधला, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर आहे.

येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेन (पँटची, बॅगेची), फ्लश, कुलूप अशा गोष्टी कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, याला लोकांनी स्वतःच गुण द्यायचे. मग ते पायरीपायरीनं लिहून दाखवायचं. मग पुन्हा गुण द्यायचे. लिहायला बसल्यावर गुण धडाधड खाली आले. लिव्हरपूल विद्यापीठाच्या रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये सायकलबद्दल असंच काही केलं. पेडल कुठे, साखळी कुठून कुठे, सांगाडा कसा, हे ओळखताना सायकल न चालवणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक चुकले. काहींनी साखळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना जोडली. तशी सायकल वळणारच नाही! आत्ता कागद घ्या आणि न बघता सायकल काढा. घरात सगळ्यांना काढायला सांगा. फार छान संध्याकाळ जाईल.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. त्या संध्याकाळी कुणीतरी "एवढंही माहीत नाही?" असं म्हणणार. हा प्रश्न मला मनापासून नकोसा आहे. काकांना त्यांचा भाचा त्या दिवशी हेच म्हणाला होता आणि सगळे खो खो हसले होते. त्यानंतर मी पाहिलंय, काका काही विचारायचं असलं की आधी समोरच्याचा चेहरा बघतात. फोनवरचं काहीतरी अडतं, आणि ते अडलेलंच ठेवतात. लिफ्टच्या बटणानं त्यांचं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते त्या हसण्यानं. गैरसमज गमतीचा असतो, त्यावर दोघांनी मिळून हसावं की. पण उत्तर आधी, हसणं नंतर, आणि ज्याचा गैरसमज होता त्यानं आधी हसावं.

कारण सगळेच गैरसमज लिफ्टसारखे निरुपद्रवी नसतात, आणि विचारायची भीड पडलेला माणूस त्या दुसऱ्या प्रकारातही गप्प राहतो. जीपीएसचं उदाहरण देतो. फोन उपग्रहाला 'मी कुठे आहे' असं विचारतो आणि उपग्रह उत्तर देतो, असं बहुतेकांना वाटतं. फोन उपग्रहाशी काहीच बोलत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फक्त आपली वेळ आणि जागा सांगत असतात, आणि फोन किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून स्वतःची जागा स्वतःच काढतो. उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो. म्हणून डोंगरात वाट चुकलेल्या माणसानं 'जीपीएस चालू आहे, म्हणजे मी कुठे आहे ते त्यांना दिसत असेल' असं समजून बसून राहू नये. जागा फोनला कळली तरी ती दुसऱ्यापर्यंत पोचवायला सहसा नेटवर्क लागतं. याची चांगली बाजूही आहे. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर नेटवर्क नसतानाही फोन तुमची जागा त्यावर दाखवतो.

ब्राउझरच्या 'इन्कॉग्निटो' या खासगी खिडकीचंही तसंच. तिथे पाहिलेल्या पानांची नोंद तुमच्या फोनवर राहत नाही, इतकंच. इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती वेबसाइट यांच्यापासून तुम्ही लपलेले नसता. गूगलवर याबाबत २०२० मध्ये अमेरिकेत खटला भरला गेला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं. म्हणजे हा समज एकट्यादुकट्याचा नव्हता.

आता रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी एक. मागून येणाऱ्या गाडीचा दिवा आतल्या आरशातून डोळ्यांवर आला की बहुतेक जण आरसाच वाकडा करतात. त्या आरशाच्या खालच्या कडेला बोटाएवढी एक पट्टी असते. ती पुढे-मागे करा. आरशाची काच पाचरीच्या आकाराची असते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. पट्टी ओढली की चकचकीत मुलाम्यावरचं प्रतिबिंब छताकडे जातं आणि तुमच्या डोळ्यांपर्यंत येतं ते फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचं फिकं प्रतिबिंब, आलेल्या प्रकाशाच्या जेमतेम ४ टक्के. मागची गाडी दिसते, डोळे दिपत नाहीत. आज रात्री निघण्याआधी आरशाखाली हात घालून बघा. काही नव्या गाड्यांत आरसा आपोआप मंद होतो, तिथे ही पट्टी सापडणार नाही.