कृष्णा कितीवर आहे?

शाळेतल्या बाईने बँकेच्या वसुली विभागातल्या माणसाशी लग्न करू नये. केलंच तर मूल होईपर्यंत काही बिघडत नाही, पण नाव ठेवायची वेळ आली की संसार खऱ्या अर्थाने सुरू होतो.

मी पाचवीला शिकवते. त्यामुळे 'सई' बाद, कारण ती पहिल्या तासालाच डबा संपवते. 'स्वरा' बाद, तिच्या आईमुळे. 'अन्वी' तर इतक्या झाल्यात की हजेरी घेताना आडनावावर यावं लागतं. माझी नावं जिथे संपतात तिथून नवऱ्याची यादी सुरू होते. मी 'गौरी' म्हटलं, तर म्हणाला, "नको. ट्रॅक्टरचं कर्ज, जामीनदारही फोन उचलत नाही." 'मुक्ता'? "ती एनपीएत गेली. हप्ते थकले."

वेगळं नाव ठेवणाऱ्यांना लोक हौशी समजतात. हौस कसली डोंबलाची! चांगली चांगली नावं कुणी ना कुणी वापरून नासवलेली असतात. उरतं ते वेगळं.

त्यात मुलगी जन्मली हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. गुरुजींनी पंचांग उघडलं, पू, ष असं बोट सरकवत नेलं आणि 'ण'वर थांबले. आम्हीही थांबलो. अंकलिपीवाल्यांनासुद्धा या अक्षराने सुरू होणारा शब्द सापडला नाही, म्हणून ते बिचारे 'ण बाणाचा' करून वेळ मारून नेतात. खालच्या मजल्यावरच्या काकू जैन. त्यांना राहवलं नाही. "असं कसं? आमचा णमोकार मंत्र 'ण'नेच सुरू होतो की!" नवऱ्याचे डोळे चमकले. मी घाईघाईने चहा टाकला. सासूबाई म्हणाल्या, मग पुढच्या चरणाचं अक्षर घ्या. पुढचं अक्षर 'ठ'. ठमी, ठकू, ठकुबाई. शेवटी गुरुजींनाच दया आली. म्हणाले, ते पत्रिकेपुरतं राहू दे, व्यवहारातलं काय हवं ते ठेवा.

तोवर दवाखान्याने 21 दिवसांच्या मुदतीत जन्माची नोंद करून टाकली होती, नावाची जागा कोरी ठेवून. खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, वर्षाच्या आत नाव दिलंत तर फुकट, नंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. नवरा घरी येईपर्यंत हरखलेला. "इतक्या सवलतीचं कर्ज आमच्याकडे असतं तर मी घरीच बसलो असतो!" 15 वर्षांत पोरगी स्वतःच ठरवील, असाही एक विचार त्याने मांडून पाहिला.

मी मात्र हातघाईवर आले होते. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. म्हटलं, तिच्या नावाला माझं नाव चिकटून येणार, तू एक घर पलीकडे. तेव्हा पहिला शब्द माझा. नदीचं नाव ठेवू या. नदी कर्ज काढत नाही आणि पाचवीत बसत नाही.

"कृष्णा," मी म्हणाले.

सासरे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "सांगलीत राहून? आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर आलं की इशारा, 45ला धोका. दर जुलैत जो येईल तो दारातूनच विचारेल, 'कृष्णा कितीवर आहे?' आणि आपण पोरीची उंची सांगायची."

"मग कोयना."

पेपर खाली आला. "11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप. मी चौथीत होतो. पहाटे भांडी फळीवरून अंगावर आली होती. त्या नावाने घरात हाक मारायची?"

'वारणा' काढली, तर सासूबाईंना श्रीखंड आठवलं. 'येरळा'ला कुणी काही बोललं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी कवठेमहांकाळकडची 'अग्रणी' तेवढी उरली. मला तर ऐकताक्षणी आवडली. अग्रणी म्हणजे पुढे असणारी, शिवाय वर्गात एकटी.

नवऱ्याचा चेहरा पडला. "अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांची म्होरकी! दर तिमाहीला जिल्ह्याची बैठक असते. उद्दिष्ट का पूर्ण झालं नाही, ते उभं राहून सांगावं लागतं. घरी येऊन परत तेच नाव?"

"ते जाऊ दे. या नावाचा एक तरी थकबाकीदार आहे?"

तो बराच वेळ छताकडे बघत बसला. सगळ्या शाखा मनातल्या मनात फिरून आला असावा. "नाही," म्हणाला.

"माझ्या हजेरीतही नाही."

एवढ्यावर आमचं एकमत झालं. पत्रिका जुळल्या तेव्हाही इतकं झालं नव्हतं.

बारशाला घर भरलं. घुगऱ्या वाटून झाल्या, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत पोरगी पाळण्याखालून-वरून फिरवून झाली. माझ्या नणंदबाई इचलकरंजीहून खास आलेल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आम्ही नाव कुणालाच फोडलं नव्हतं, त्यांना आयत्या वेळी चिठ्ठी देणार होतो. ठाऊक होतं फक्त केकवाल्याला, तेही फोनवरून. ताई पाळण्यात वाकणार तोच दिराने केकचं खोकं उघडलं. आत गुलाबी क्रीमने ठसठशीत लिहिलं होतं: 'आग्रही'.

सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "हे बरं आहे," म्हणाले, "आईवर गेलेलं दिसतंय."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ताईंनी हातातली चिठ्ठी पाहिली, मग केक पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, कुर्रर्र करून झालंय. आता यातलं नक्की कुठलं सांगू?"