‘सगळ्यात छोटं तेच सगळ्यात चांगलं’? खिशातल्या पिस्तुलाबद्दलच्या एका मेसेजचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर खिशातल्या पिस्तुलांची तुलना करणारा एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ‘स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचं तर मिळेल ते सगळ्यात छोटं आणि हलकं .380 (काडतुसाचं एक माप) घ्या. छोटं असल्यामुळे झटका कमी, म्हणून बायकांना आणि नवशिक्यांना सोपं. नव्या गोळ्यांमुळे .380 आणि 9 मिमी यांत आता फरक उरलेला नाही. होल्स्टर लागत नाही, खिशात किंवा पर्समध्ये टाका. अडकण्याची भीती वाटत असेल तर रिव्हॉल्व्हर घ्या, ते कधीच अडकत नाही. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामं ठेवलं की धोका संपला. आणि एकदा परमिट हातात आलं की कुठेही न्या.’

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे. काही वाक्यांनी नुसते पैसे वाया जातील, काहींनी मांडीत गोळी घुसेल, आणि शेवटच्या वाक्याने माणूस तुरुंगात जाईल. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘छोटं म्हणजे झटका कमी.’ नेमकं उलटं आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितकं हलकं तितका झटका जास्त. गोळी आणि वायू पुढे जेवढा संवेग घेऊन जातात, तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो, आणि झटक्याची ऊर्जा पिस्तुलाच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. वजन निम्मं केलं की ऊर्जा दुप्पट. रुगर एलसीपी सुमारे 270 ग्रॅम, ग्लॉक 42 रिकाम्या मॅगझिनसह सुमारे 390 ग्रॅम. दोन्ही .380 ची, पण पहिल्याचा झटका दुसऱ्याच्या सव्वा ते दीडपट. शिवाय एलसीपीच्या मुठीवर दोनच बोटं नीट बसतात, करंगळी हवेत राहते आणि सगळा दाब अंगठा आणि तर्जनीमधल्या पाळीवर येतो. पन्नास गोळ्यांनंतर तिथे हुळहुळायला लागतं. माणूस सराव टाळतो, आणि ज्या पिस्तुलाला सर्वांत जास्त सराव लागतो तेच कपाटात पडून राहतं. ही पिस्तुलं सराईत हाताची आहेत, नवशिक्याची नाहीत.

नेमाचंही तसंच. पुढची आणि मागची माशी (नेम धरायच्या खुणा) जितकी जवळ, तितकी हाताची चूक लक्ष्यावर मोठी दिसते. दोन माशांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. पुढची माशी एक मिलिमीटर सरकली तर 7 मीटरवर गोळी 7 सेंटिमीटर चुकते. तेच अंतर 15 सेंटिमीटर असेल तर चूक पावणेपाचच्या आत राहते. पूर्वीच्या एलसीपीवर माशी म्हणजे स्लाइडवरचा (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावरचा) जेमतेम दिसणारा उंचवटा होता. 2021 मध्ये आलेल्या एलसीपी मॅक्सने ती उणीव बऱ्यापैकी भरून काढली. पुढे ट्रिटियमचा चमकता ठिपका आहे आणि 10 अधिक 1 (मॅगझिनमध्ये दहा, चेंबरमध्ये एक) गोळ्या बसतात, तेही सुमारे 300 ग्रॅम वजनात. तुलनाच करायची तर जुन्या एलसीपीची या नव्याशी करा. वजनात फक्त 30 ग्रॅमचा फरक, आणि एवढ्यासाठी जुनं घेण्यात काही अर्थ नाही.

‘बायकांना सोपं’ हे वाक्य विशेष त्रासदायक आहे, कारण दुकानातसुद्धा ते ऐकायला मिळतं. अडचण ट्रिगरच्या आधीच सुरू होते, स्लाइड ओढताना. स्लाइड लहान म्हणजे बोटांना धरायला जागा कमी. स्लाइड हलकी म्हणजे तिला थोपवायला स्प्रिंग कडक. त्यातही दोन जाती आहेत. वॉल्थर पीपीकेसारख्या (1931) पिस्तुलात नळी पक्की बसवलेली असते आणि स्फोटाच्या क्षणी स्लाइड केवळ आपल्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहते. त्यामुळे स्प्रिंग चांगलीच कडक लागते, आणि पिस्तूल जड असूनही झटका टोचतो. एलसीपी, ग्लॉक 42 यांत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकून मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड सुटते. दाबाचा मोठा भाग कुलूप पेलतं, म्हणून स्प्रिंग तुलनेने मऊ चालते. बोटांत ताकद कमी असेल, संधिवात असेल, तर दुकानात आधी स्लाइड दहा वेळा ओढून बघा. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी .380 (2018) मुद्दाम अशा हातांसाठी बनवलं आहे. ते एलसीपीच्या जवळपास दुप्पट वजनाचं आहे आणि नेमकं म्हणूनच सोपं आहे. खिशात मात्र मावत नाही, कमरेलाच लावावं लागतं.

‘.380 आणि 9 मिमीत फरक नाही.’ गोळीचा व्यास दोन्हींत सारखा, सुमारे 9 मिलिमीटर. काडतुसाचं कवच .380 मध्ये 17 मिमी लांब, 9 मिमी लुगरमध्ये 19. खरा फरक दाबात आहे. अमेरिकी उद्योगमानकानुसार कमाल दाब .380 ला 21,500 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), 9 मिमीला 35,000. पावणेतीन इंची नळीतून निघालेली .380 साधारण 200 ते 230 ज्यूल ऊर्जा देते, तीन इंची नळीतून निघालेली 9 मिमी 400 च्या आसपास.

गोळ्यांचं तंत्र सुधारलं हे खरं, पण ते दोघांच्याही वाट्याला आलं. एफबीआयच्या कसोटीत गोळीने जिलेटिनमध्ये, जाड कपड्यांचे थर पार करूनही, 12 ते 18 इंच शिरावं अशी अपेक्षा असते. छोट्या नळीतल्या .380 ला इथे पेच पडतो. पोकळ टोकाची गोळी नीट फुलली तर बहुतेकदा 12 इंचांच्या अलीकडेच थांबते. टोकात कापड भरलं तर फुलतच नाही आणि साध्या गोळीसारखी पुढे जाते. म्हणून .380 साठी गोळी निवडताना पाकिटावरचा वेग पाहू नका, तो बहुधा लांब नळीतला असतो. पावणेतीन इंची नळीतून घेतलेल्या चाचण्या शोधा. .32 एसीपीचा झटका खरोखर मऊ असतो, पण त्याच्या काडतुसाला किंचित कडा असते आणि आखूड पोकळ गोळ्या वापरल्या तर मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकते. मग मॅगझिन बाहेर काढून काडी किंवा पिन घालून सोडवण्यापलीकडे इलाज नसतो. पूर्ण लांबीच्या गोळ्या वापरल्या की हा प्रकार बराच टळतो.

याच कारणाने आमचा कल आता 9 मिमीच्या छोट्या पिस्तुलांकडे आहे. सिग पी365 (2018) सुमारे 500 ग्रॅम, 10 अधिक 1 गोळ्या. मोठ्या खिशाच्या पँटमध्ये ते मावतं, जीन्सच्या खिशात नाही. ज्याला खिशाशिवाय पर्यायच नाही त्याने एलसीपी मॅक्स किंवा स्मिथ अँड वेसनचं बॉडीगार्ड 2.0 (2024, सुमारे 280 ग्रॅम) पाहावं. ज्याला झटका सोसत नाही पण .380 च हवं आहे, त्याने ग्लॉक 42. गोळ्या सहाच अधिक एक, पण या जातीत हाताशी सगळ्यात सौम्य वागणारं तेच.

‘होल्स्टर लागत नाही.’ या एका वाक्यासाठी तो मेसेज डिलीट करावा. खिशातल्या बहुतेक पिस्तुलांना हाताने लावायची सेफ्टी नसते. ट्रिगर हीच सेफ्टी, आणि तो झाकलेला नसेल तर किल्ली, पेन, लिप बाम, जॅकेटच्या नाडीचं टोक, काहीही त्यात अडकू शकतं. नळीचं तोंड मांडीकडे असतं, आणि मांडीतली मुख्य धमनी फुटली तर हातात काही मिनिटंच असतात.

खिशाच्या होल्स्टरने तीन कामं करायची असतात. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकायचं, इतक्या ताठ पदार्थाने की बाहेरून बोट दाबलं तरी ट्रिगर हलणार नाही. पिस्तूल मूठ वर करून उभं ठेवायचं. आणि पिस्तूल ओढलं की स्वतः खिशातच राहायचं. त्यासाठी बाहेरून खरबरीत कापड किंवा खिशाच्या काठाला अडकणारा आकडा असतो. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, सुटं नाणंही नाही. हात आत घालताना पंजा सपाट ठेवा. मूठ वळली की खिशाच्या तोंडात ती अडकते. परत ठेवताना होल्स्टर खिशातून बाहेर काढा, टेबलावर पिस्तूल त्यात बसवा, मग दोन्ही एकत्र खिशात. खिशातल्या होल्स्टरमध्ये आंधळेपणाने पिस्तूल खुपसणं हा अपघाताला आमंत्रण देणारा प्रकार आहे. रिकाम्या पिस्तुलाने हे सगळं घरी करून बघा, आणि तेव्हा त्या खोलीत गोळ्या नकोत.

गाडीच्या सीटवर बसून, बेल्ट लावून, पुढच्या खिशातून पिस्तूल काढताही येत नाही. दिवसाचा मोठा भाग स्टीअरिंगमागे जात असेल तर खिसा ही तुमची जागाच नव्हे. पर्सची अडचण वेगळी: ती खुर्चीला अडकवली जाते, मुलाच्या हाती लागते, आणि चोर पहिला तीच ओढतो. न्यावीच लागली तर पिस्तुलासाठी वेगळा कुलपाचा कप्पा असलेली हवी, आणि पट्टा खांद्यावरून उतरता कामा नये.

खिशातला कापडाचा भुगा हाही खरा शत्रू आहे. तेलात तो चिकटतो आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं कवच ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली, मॅगझिनच्या ओठांवर साठतो. दर आठवड्याला गोळ्या काढून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करून, कोरड्या ब्रशने झाडायचं. तेल फक्त स्लाइडच्या खोबणीवर, थेंबभर. नवं पिस्तूल बाळगण्याआधी किमान 200 गोळ्या झाडाव्यात, त्यातल्या 50 प्रत्यक्ष बाळगायच्या त्याच प्रकारच्या. गोळी अडकली तर आधी मनगट तपासा. मनगट सैल असेल तर स्लाइडबरोबर सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडचा प्रवास अपुरा होतो आणि रिकामं कवच उभं अडकतं. हलक्या पिस्तुलात हे फार लवकर होतं. वापरलेलं जुनं एलसीपी घेत असाल तर आणखी एक: ऑक्टोबर 2008 मध्ये रुगरने सुरुवातीची पिस्तुलं परत मागवली होती, कारण पडल्यावर गोळी सुटण्याची शक्यता होती. सिरियल नंबर कंपनीला कळवून दुरुस्ती झाली आहे का ते विचारा.

‘रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही.’ कमी वेळा अडकतं, आणि अडकलं की जास्त वाईट अडकतं. स्मिथ अँड वेसन 642 सारख्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्याने उरलेल्या काडतुसांमधली गोळी कवचातून पुढे सरकू शकते. ती सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. तपासायचं कसं? पाच भरा, चार झाडा, पाचवं बाहेर काढून न झाडलेल्या काडतुसाशेजारी धरून लांबी मोजा. फरक दिसला तर ती गोळी त्या रिव्हॉल्व्हरला चालत नाही. न जळलेले दाणे एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली गेले तरी सिलिंडर जाम होतो. म्हणून रिकामी कवचं काढताना नळी आकाशाकडे. ट्रिगरचा ओढा साधारण 12 पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, आणि रिव्हॉल्व्हर स्वतः अर्ध्या किलोहूनही हलकं. नवशिक्याचा नेम इथेच ढळतो. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने आहे. घोडा आत झाकलेलं रिव्हॉल्व्हर जॅकेटच्या खिशातूनच पुन्हापुन्हा झाडता येतं, तर पिस्तुलाची स्लाइड कापडात अडकून बहुधा पहिल्या गोळीनंतर थांबते.

‘चेंबर रिकामं ठेवा.’ मग वेळ आल्यावर स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. एका हाताने मूल धरलंय, दार ढकललंय, हल्लेखोराचा हात अडवलाय, तर ते जमत नाही, आणि इवलीशी घामट स्लाइड घाईत अर्धवटच ओढली जाते. भरलेल्या चेंबरची भीती वाटणं चूक नाही. उपाय म्हणजे सेफ्टी असलेलं किंवा लांब, जड ट्रिगरचं पिस्तूल आणि चांगलं होल्स्टर. तरीही मन घेत नसेल तर अजून बाळगू नका, आधी शिकवणी घ्या. स्वतःची तयारी पाहायची तर 5 यार्डांवरून 5 इंची वर्तुळात 5 सेकंदांत 5 गोळ्या, रेंजवर गेल्या गेल्या, हात गरम होण्याआधी.

‘परमिट मिळालं की कुठेही.’ आपल्या माणसांनी इथे सर्वांत सावध राहावं. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना असणं यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. मित्राचं पिस्तूल रेंजवर हातात घेणं हेही बाळगणंच ठरू शकतं. शिक्षा 15 वर्षांपर्यंत, शिवाय हद्दपारी. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही.

न्यू जर्सीत जून 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सामान्य माणसाला परमिट मिळू लागलं, पण पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर बाळगण्यावरची बंदी परमिटधारकालाही लागू राहिली. टोकात पॉलिमर भरलेल्या गोळ्या तिथे वापरतात त्या याचसाठी. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून बहुतेक 21 वर्षांवरच्यांना परमिटशिवाय बाळगता येतं. तिथल्या भावाने पाठवलेला सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गुन्हा ठरतो. आणि भारतातल्या ग्रुपांवर हा मेसेज पुढे ढकलण्यात तर काहीच अर्थ नाही. तिथे 9 मिमी लुगर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे, म्हणून बहुतेकांकडे .32 असतं, आणि 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, पूर्ण झाकलेलंच न्यावं लागतं.

न्यूयॉर्क राज्य इतर कुठल्याही राज्याचं परमिट मानत नाही. न्यू जर्सीहून न्यूयॉर्कमार्गे पुढे कायदेशीर ठिकाणी जायचं असेल तर हद्द ओलांडण्याआधी पिस्तूल रिकामं करून कुलपाच्या पेटीत, पेटी डिकीत, गोळ्याही तशाच हाताबाहेर ठेवाव्या लागतात, आणि वाटेत मुक्काम टाळावा लागतो.